आईचे तीन सीटी झालेत, चौथा करायचा का? रेडिएशन, कट आणि गावाकडे न मिळालेला एक्स-रे

तुमच्या एका प्रश्नात तीनचार प्रश्न गुंतलेत, त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगते. बाकीच्यांना कळावं म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात लिहिते. आई ५८ वर्षांची, पुण्यात असते, मूतखड्याचा त्रास. आठ महिन्यांत पोटाचे तीन सीटी स्कॅन झाले, पहिला साधा, पुढचे दोन डायचं इंजेक्शन देऊन. मधे लेझरने खडा फोडला, डीजे स्टेंट म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंतची बारीक नळी टाकली, नंतर काढली. आता दुखत नाहीये, ताप नाही, तरी "एकदा बघून घेऊ" म्हणून चौथा सीटी लिहून दिलाय. व्हॉट्सअ‍ॅपवर एक सीटी म्हणजे ४०० एक्स-रे असा मेसेज फिरतोय, भाऊ म्हणतो एमआरआय करा त्यात रेडिएशन नसतं, मामा म्हणतात हा सगळा कटचा, म्हणजे डॉक्टरांच्या कमिशनचा खेळ आहे. आणि शेवटी तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिलीय, की परभणीकडच्या काकांना दोन महिने खोकला होता, ग्रामीण रुग्णालयात मशीन होतं पण टेक्निशियन नव्हता, एक्स-रे होईपर्यंत टीबी बराच पसरला होता. बहुतेकांनी ती ओळ वाचून सोडून दिली असेल, मला सगळ्यात महत्त्वाची तीच वाटली. तिच्याकडे येतेच.

मी रेडिओलॉजिस्ट आहे, बरीच वर्षं सरकारी कॉलेजात काढली, आता जिल्ह्याच्या ठिकाणी स्वतःचं सेंटर आहे. म्हणजे स्कॅन झाला की मला पैसे मिळतात, हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

आधी ४०० एक्स-रेचं बघू, कारण तो आकडा चूकही नाही आणि बरोबरही नाही. हा वाद जुना आहे पण आपल्याकडे घराघरात पोचला तो मे २०२१ मध्ये, कोविडची दुसरी लाट चालू असताना. एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया पत्रकार परिषदेत म्हणाले की एक सीटी म्हणजे ३०० ते ४०० छातीचे एक्स-रे, सौम्य कोविडमध्ये उगाच सीटी करू नका. लगेच रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने म्हणजे इंडियन रेडिओलॉजिकल अँड इमेजिंग असोसिएशनने पत्रक काढलं की हे तीसचाळीस वर्षांपूर्वीचं झालं, आताच्या लो डोस सीटीत पाचदहा एक्स-रेइतकंच रेडिएशन लागतं. लोक म्हणाले डॉक्टरांचंच एकमत नाही तर आम्ही काय करायचं. खरं म्हणजे दोघं वेगवेगळ्या स्कॅनबद्दल बोलत होते, पाचदहा मात्र फारच कमी धरलेत, खालचे आकडे बघा.

छातीचा एक साधा एक्स-रे म्हणजे साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट. हे शरीराला बसणाऱ्या डोसचं माप आहे, एवढं समजलं तरी पुरे. आपण काहीही न करता नुसते जगतो तरी जमिनीतून, हवेतून, आकाशातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतंच. डोक्याचा सीटी २ च्या आसपास, छातीचा नेहमीचा सीटी ५ ते ७, लो डोस छातीचा दीड किंवा त्याच्याही खाली, पोटाचा सीटी ८ ते १०, आणि तोच पोटाचा डाय देऊन तीनचार वेळा घेतला तर २० च्या पुढे आरामात जातो. पेट सीटी, म्हणजे कॅन्सर शोधायला सगळ्या अंगाचा काढतात तो, २० ते २५. मॅमोग्राफी फक्त ०.४. सोनोग्राफी आणि एमआरआय शून्य, कारण त्यात एक्स-रे वापरतच नाहीत. आता तुम्हीच भागाकार करा, पोटाच्या एका सीटीला ४०० काय ५०० एक्स-रे पण निघतील आणि नीट सेट केलेल्या लो डोस छातीच्या स्कॅनला शंभराच्याही खाली येतील. म्हणून कुठला स्कॅन, किती वेळा फिरवला, मशीन कसं सेट केलंय हे न सांगता नुसता "एक सीटी म्हणजे इतके एक्स-रे" हा मेसेज पुढे पाठवण्यात काही अर्थ नाही.

त्या लाटेत आम्ही जे बघितलं ते मात्र गुलेरियांच्या बाजूचं होतं. साधा ताप, ऑक्सिजन ९८, आणि माणूस स्वतःच येऊन म्हणणार मॅडम एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी) करायचाय, स्कोअर, म्हणजे फुप्फुस किती खराब झालंय, तो किती येतो बघू. २५ पैकी किती हा आकडा लोक दहावीच्या मार्कांसारखा एकमेकांना सांगत होते. काहींनी दहाबारा दिवसांत दोनदोन केले. राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्येच दर बांधून दिले होते, १६ स्लाइसच्या (मशीन एका फेरीत किती काप घेतं ते) खालच्या मशीनला २०००, १६ ते ६४ ला २५००, त्याच्या वर ३००० रुपये. दर बांधले हे बरंच झालं, लूट थांबली, पण स्कॅन करायची गरज कुणाला आहे आणि कुणाला नाही हे दराने ठरत नाही, त्यामुळे तरणीताठी पोरं रांगेत आणि खरा धाप लागलेला म्हातारा त्याच रांगेत मागे, असं चित्र होतं.

आता धोका. कॅन्सर होतो का, तर थोडक्यात, शक्यता किंचित वाढते, किती वाढते ते वयावर अवलंबून. अमेरिकेच्या विज्ञान अकादमीचा एक जुना पण अजून वापरात असलेला अंदाज आहे की १० मिलिसिव्हर्ट मिळालेल्या हजार माणसांत त्यामुळे आयुष्यभरात एखाद्याला जास्तीचा कॅन्सर होईल. हा सगळ्या वयांचा मिळून. साठीच्या आसपासच्या बाईला तो निम्म्याच्या जवळ येतो आणि तान्ह्या बाळाला कितीतरी पट चढतो, कारण बाळाच्या पेशी भराभर वाढत असतात आणि कॅन्सर व्हायला पुढे पुष्कळ वर्षं असतात. हा अंदाज हिरोशिमा नागासाकीत वाचलेल्या लोकांच्या माहितीवर मुख्यतः उभा आहे आणि तिथून खाली सरळ रेघ मारून लहान डोसचा धोका काढलाय. ती रेघ खालपर्यंत सरळच जाते का यावर आमच्यात अजून वाद आहेत. केरळात करुनागपल्लीचा किनारा आहे, तिथल्या वाळूत मोनाझाइट नावाचं किरणोत्सारी खनिज असतं, त्यामुळे काही घरांत लोकांना पिढ्यानपिढ्या आपल्यापेक्षा कितीतरी पट रेडिएशन मिळतं, आणि तिथे अभ्यास केला तेव्हा कॅन्सर जास्त सापडला नाही. काही जण हे उदाहरण देऊन म्हणतात की सीटीची भीती बकवास आहे. मी तसं म्हणत नाही, कारण मुलांवरचे अभ्यास दुसरीकडे बोट दाखवतात.

२०१२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात ब्रिटनमधल्या पावणेदोन लाखाहून जास्त मुलांचा आणि तरुणांचा अभ्यास आला, ज्यांचे लहानपणी सीटी झाले होते. ज्यांना डोस जास्त मिळाला त्यांच्यात ल्युकेमिया आणि मेंदूच्या गाठी जास्त दिसल्या. आकडा बघा पण, दहा वर्षांखालच्या १०,००० मुलांचा डोक्याचा सीटी केला तर पुढच्या दहा वर्षांत एक जास्तीचा ल्युकेमिया आणि एक जास्तीची मेंदूची गाठ. २०२३ मध्ये युरोपातल्या नऊ देशांतल्या जवळपास साडेनऊ लाख लोकांचा मोठा अभ्यास आला, त्यातही रक्ताच्या कॅन्सरचा असाच हिशोब, दहा हजारांत एखाददोन. म्हणजे धोका आहे, पण लहान आहे. पोरगं झाडावरून पडून बेशुद्ध झालं, उलट्या करतंय, तर हा आकडा आठवून सीटी टाळणं म्हणजे मूर्खपणा. आणि खाटेवरून पडलं, रडलं, दहा मिनिटांनी खेळायला लागलं, तर त्याच आकड्यासाठी सीटी न करता घरी चारसहा तास लक्ष ठेवायचं. कुणाला करायचा आणि कुणाला नाही यासाठी ४२,००० मुलांवर तपासून बनवलेले नियम २००९ पासून आहेत, डॉक्टरला विचारलंत तर चांगला डॉक्टर सांगेल.

एका माणसाला लहान असलेला धोका लोकसंख्येला लहान राहत नाही हा दुसरा मुद्दा. २०२५ मध्ये अमेरिकेतला एक हिशोब बराच गाजला, तिथे २०२३ या एका वर्षात ९ कोटी ३० लाख सीटी झाले आणि त्यातून पुढे १ लाख ३ हजार कॅन्सर होऊ शकतील असा अंदाज. मॉडेलवरचा अंदाज आहे, तिथल्या रेडिओलॉजिस्टांनी लगेच हरकतही घेतली, पण यातले निम्मे स्कॅन जरी गरजेचे नसतील तर तो भार कुणी का घ्यायचा हा प्रश्न उरतोच.

आता आईचा हिशोब. पहिला साधा स्कॅन ७ धरू, पुढचे दोन डायचे २० धरून ४०, असे पन्नासच्या आत. वरच्या पद्धतीने आईच्या वयाच्या हजार बायकांना इतका डोस मिळाला तर जास्तीचे कॅन्सर तीनेक. आपल्या देशात तसाही आयुष्यभरात नऊ जणांमागे एकाला कॅन्सर होतो असा आयसीएमआरच्या नोंदणीचा अंदाज आहे, म्हणजे हजारात ११० च्या आसपास. ते ११३ झाले. त्यामुळे झालेल्या तीन स्कॅनसाठी रात्री जागू नका, ते शरीरात साठून बसत नाही, "उतारा" म्हणून कुठला काढा किंवा अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या तर अजिबात घेऊ नका, तोही एक धंदा चालूये सध्या.

चौथ्याची गोष्ट मात्र वेगळी, आणि दुसऱ्या तिसऱ्यावरही मला बोलायचंय. मूतखडा साध्या सीटीत, डाय न देता, स्वच्छ पांढरा दिसतो. खडा बघायला डाय लागत नाही. डाय देऊन तीनचार वेळा फिरवणं हे लघवीतून रक्त येतंय आणि गाठीची शंका आहे, किंवा किडनीच्या रचनेबद्दल काही खास विचारायचंय अशा वेळी करायचं काम. नुसत्या खड्यासाठी ते म्हणजे एकदा नांगरून झालेलं शेत परत परत नांगरल्यासारखं आहे, डिझेल मात्र दर वेळी जळतं. आणि खड्यासाठी लो डोस प्रोटोकॉल आहेत, फार जाड नसलेल्या माणसात ४ मिलिसिव्हर्टच्या आत काम होतं. मशीन तेच, फक्त सेटिंग बदलायचं. बऱ्याच ठिकाणी ते बदलत नाहीत कारण कंपनीच्या इंजिनिअरने बसवताना जे ठेवलं तेच वर्षानुवर्षं चालू, चित्र जितकं गुळगुळीत तितकं रिपोर्ट करणाऱ्याला बरं वाटतं, आणि डोस पेशंटला बसतो, आम्हाला नाही.

हे तपासायचा एक मार्ग तुमच्या हातात आहे. सीडीमध्ये किंवा फिल्मच्या शेवटच्या शीटवर एक डोस रिपोर्ट नावाचं पान असतं, आकड्यांचा तक्ता, त्यात डीएलपी असं लिहिलेलं असतं. पोटाच्या स्कॅनची टोटल डीएलपी घ्या आणि ०.०१५ ने गुणा, मिलिसिव्हर्टचा ढोबळ आकडा येतो. छातीसाठी ०.०१४, डोक्यासाठी ०.००२१. म्हणजे डीएलपी ६०० असेल तर पोटाचे ९. १५०० असेल तर साडेबावीस, आणि मग विचारा की एवढं कशाला लागलं. ते पान सीडीत नसेल तर मागून घ्या, मशीन ते बनवतंच.

सध्या दुखत नाही, ताप नाही, खडा निघालाय, अशा पेशंटला फॉलोअपला आधी सोनोग्राफी आणि एक केयूबीचा, म्हणजे किडनी, मूत्रनलिका आणि मूत्राशयाचा साधा एक्स-रे करतात, त्याचा डोस १ मिलिसिव्हर्टच्याही आत. सोनोग्राफीत किडनीला सूज आहे का ते कळतं, एक्स-रेत कॅल्शियमचे खडे दिसतात, आणि बहुतेक खडे कॅल्शियमचेच असतात. अपवाद युरिक अ‍ॅसिडचा खडा, तो एक्स-रेत दिसत नाही. खड्याचं अ‍ॅनालिसिस केलं असेल तर रिपोर्ट बघा. सोनोग्राफीत सूज दिसली किंवा परत दुखायला लागलं तर सीटी करा, साधा, लो डोस. आता, युरॉलॉजिस्टच्या मनात काही खास कारण असू शकतं, ऑपरेशनच्या वेळी त्याने आत बघितलंय, मी नाही. म्हणून त्याला एकच विचारा, "डॉक्टर, या स्कॅनमध्ये अमुक आलं तर काय करणार आणि तमुक आलं तर काय करणार?" दोन्हीचं उत्तर एकच असेल, म्हणजे पाणी प्या आणि सहा महिन्यांनी या, तर स्कॅन कशाला. हा प्रश्न मी रेडिएशन किती या प्रश्नाच्या आधी ठेवते, कारण गरज असेल तर २० मिलिसिव्हर्टही योग्य आणि गरज नसेल तर एकही नको. कायद्यानेसुद्धा पेशंटला डोसची वरची मर्यादा नाहीये. आम्हाला आहे, डोस मोजणारा बॅज लावून काम करणाऱ्यांना पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, एका वर्षात ३० च्या वर नाही, सामान्य माणसाला, निसर्गातून मिळतं ते सोडून, १. पेशंटला मुद्दाम ठेवली नाही, कारण तिथे फायदा तोटा डॉक्टरने तोलायचा असं गृहीत धरलंय. सगळी गोम त्या गृहीत धरण्यातच आहे.

भावाच्या एमआरआयबद्दल. खड्यासाठी एमआरआय निरुपयोगी, खडा त्यात धड दिसतच नाही. आणि रेडिएशन नाही म्हणजे नुकसान नाही हेही खरं नाही. कंबर दुखते म्हणून एमआरआय काढणाऱ्यांची आमच्याकडे रांग असते. काहीही न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय काढून बघितलेत, विशीतल्या ३० टक्के लोकांत मणक्यांमधली गादी फुगलेली दिसते आणि ऐंशीत ८४ टक्क्यांत. म्हणजे रिपोर्टमध्ये "डिस्क बल्ज" येणारच, तो केस पांढरे होण्यातलाच प्रकार, पण एकदा कागदावर आला की माणूस वाकायचं बंद करतो, मग पट्टा, मग इंजेक्शन, मग कुणीतरी ऑपरेशन सुचवतो. पायात ताकद कमी, लघवी संडासावरचा ताबा गेला, ताप, वजन घटतंय, आधी कॅन्सर होता, मोठा मार लागलाय, यातलं काही नसेल तर पहिले सहा आठवडे थांबायचं असं सगळीकडच्या गाईडलाइन सांगतात. थांबतं कोण.

आता मामांच्या मुद्द्यावर येते. कट आहे. नाही म्हणणारा खोटं बोलतोय. पेशंट पाठवणाऱ्याला स्कॅनच्या बिलातला हिस्सा जातो, महिन्याच्या शेवटी पाकिटात नाहीतर "रेफरल फी" म्हणून, आणि सीटी एमआरआयची रक्कम मोठी म्हणून तिथे तो जास्त. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत हे सरळ सरळ मना आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर ओळखले जातात, त्यांना २०१३ मध्ये एका तपासणी केंद्राकडून पेशंट पाठवल्याबद्दल १२०० रुपयांचा चेक आला, त्यांनी तो गपचूप खिशात न घालता मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली, प्रकरण खूप गाजलं. २०१७ मध्ये राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीकडून कट प्रॅक्टिस रोखणाऱ्या कायद्याचा मसुदाही करून घेतला. तो कायदा काही झाला नाही. नवीन सेंटर टाकणारा तरुण रेडिओलॉजिस्ट कोट्यवधीचं कर्ज काढतो, हप्ता दर महिन्याला येतो, कट दिला नाही तर पेशंट दुसऱ्या गल्लीत जातो, हे मी जवळून बघितलंय. तरी सगळे जादा स्कॅन कटमुळेच होतात असं मामांना वाटत असेल तर ते अर्धंच खरं. केस अंगावर येईल ही भीती, पेशंटचा स्वतःचा आग्रह, विमा ओपीडीतला एमआरआय देत नाही म्हणून एक रात्र अ‍ॅडमिट करून काढलेला एमआरआय, आणि जुनी फिल्म सापडत नाही म्हणून परत काढलेला, हे सगळं धरा. शेवटचं तर सर्रास. एका हॉस्पिटलचा स्कॅन दुसरं मानत नाही, सीडी उघडत नाही, तोपर्यंत परत पैसे, परत डोस.

आणि इथे काका येतात. ज्याच्याकडे विमा आहे त्याला गरजेपेक्षा जास्त स्कॅन होतात, ज्याच्याकडे नाही त्याला लागतो तोही होत नाही, आणि दोघंही एकाच महाराष्ट्रात, एकाच घरातसुद्धा, तुमच्याकडे बघा ना. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत भरती होऊन ठरलेल्या पॅकेजखाली उपचार झाला तर तपासण्या त्यात येतात, पण निदान व्हायच्या आधीचं जे फिरणं असतं, खोकला कशाचा, पोट का दुखतंय, ते बहुतेक खिशातूनच. केंद्राने २०१५ मध्ये मोफत तपासण्यांची योजना आणली, त्यात जिल्हा रुग्णालयात सीटी आणि टेलिरेडिओलॉजी दोन्ही होतं, काही ठिकाणी चांगलं चालतंय. पण तालुक्याच्या खाली अडतं ते मशीनवर नाही, माणसावर. मशीन येतं, उद्घाटन होतं, टेक्निशियनचं पद रिकामं. फिल्म संपलेली, नाहीतर स्टॅबिलायझर जळालेला. आणि काकांना लागणारा तो एक्स-रे म्हणजे ०.०२ मिलिसिव्हर्ट, काहीशे रुपयांचं काम, ज्याने घरातल्या आणखी दोघांचा टीबी पण कदाचित टळला असता.

रेडिएशनची सुरक्षासुद्धा सारखी वाटलेली नाहीये. परमाणु ऊर्जा नियामक परिषद म्हणजे एईआरबी, १९८३ पासून मुंबईत अणुशक्तीनगरला आहे, प्रत्येक एक्स-रे मशीन तिच्याकडे नोंदवावं लागतं. २०१२ मध्ये कॅगचा, म्हणजे सरकारी कारभार तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा अहवाल आला त्यात असं निघालं की देशातल्या ५७,४४३ एक्स-रे केंद्रांपैकी फक्त ५,२७० नोंदलेली होती. ९१ टक्के बिनानोंदणीची. राज्यांनी स्वतःची रेडिएशन सुरक्षा संचालनालयं काढावीत असं सुप्रीम कोर्टाने २००१ मध्येच सांगितलं होतं, २०१२ पर्यंत ती फक्त केरळ आणि मिझोराममध्ये झाली होती. त्यानंतर ई-लोरा नावाची ऑनलाइन व्यवस्था आली, नोंदणी बरीच सुधारली, हे मान्य करायला पाहिजे, आता लायसन्सशिवाय नवीन सीटी बसवणं अवघड आहे. पण जुनं घासलेलं मशीन, वर्षानुवर्षं क्वालिटी टेस्ट नाही, खोलीच्या दाराला शिसं नाही, आणि बॅज टेबलाच्या खणात, असं कुठे सापडतं? पुण्याच्या श्रीमंत कोरेगाव पार्कात नाही सापडत. ज्या वस्तीत पेशंट विचारत नाही तिथे सापडतं. एक्स-रे काढणारा पोरगा पाचसात हजारांवर ठेवलेला, पेशंटला धरायला नातेवाईकाला आत उभं करतो, धूसर आला की परत काढतो.

भीतीचीही वाटणी अशीच वाकडी. गरोदर बाईला खोकला आहे, टीबीची शंका आहे, आणि पोटात बाळ म्हणून एक्स-रे कुणी काढत नाही. छातीच्या एक्स-रेत बाळाला मिळतं ०.०१ मिलिग्रेच्याही खाली (एक्स-रेपुरतं हे माप मिलिसिव्हर्टइतकंच समजा). गर्भपाताचा विचारही १०० मिलिग्रेच्या आत करायचं कारण नाही असं रेडिएशन सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय समितीचं म्हणणं आहे. तरी गर्भ आहे हे माहीत नसताना एक एक्स-रे झाला म्हणून बाळ पाडायला निघालेल्या बायका माझ्याकडे आल्यात, कुणीतरी दवाखान्यातल्यानेच सांगितलेलं असतं. चांगली माहिती पैशाने मिळते आणि वाईट फुकट.

सोनोग्राफीचंही असंच. सगळ्यात सुरक्षित, सगळ्यात स्वस्त, पण गावात नाही. मुलींच्या गर्भपातामुळे गर्भलिंग तपासणीविरुद्ध कडक कायदा करावा लागला, महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात पहिला केला, केंद्राचा १९९४ चा. तो कायदा हवाच, मी त्याच्या बाजूची आहे, प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा फॉर्म एफ भरून हात दुखले तरी. पण त्याची एक बाजू अशी की छोटं मशीन गाडीत टाकून पाड्यावर नेणं जवळजवळ अशक्य झालं, आणि त्याची किंमत परत त्याच बायका मोजतात.

टीबीसाठी एक आशेची गोष्ट चालू आहे. हातात धरायचं एक्स-रे मशीन आणि फोटो वाचणारं एआय. डब्ल्यूएचओने २०२१ मध्ये १५ वर्षांच्या वरच्यांसाठी स्क्रीनिंगला एआयने वाचलेला एक्स-रे मान्य केला, डिसेंबर २०२४ पासूनच्या सरकारच्या शंभर दिवसांच्या टीबी मोहिमेत अशी मशीन गावात फिरली. मला हे आवडतं, रेडिओलॉजिस्ट नाही तिथे काहीच नसण्यापेक्षा शंभर पटीने बरं. फक्त एक बघा, अमेरिकेतल्या छातीच्या एक्स-रेंवर शिकवलेलं एआय बायका, काळे लोक आणि गरिबांच्या विम्यावरचे पेशंट यांच्यात आजार जास्त वेळा चुकवतं असं २०२१ मध्येच दाखवून झालंय. आपल्याकडे खाणीतली धूळ खाल्लेली, चुलीच्या धुराची, जुन्या टीबीचे डाग असलेली फुप्फुसं आहेत, ती त्याला शिकवली आहेत का हे विकत घेणाऱ्याने विचारलं पाहिजे. आणि एआयने संशय काढल्यावर थुंकीची तपासणी आणि औषध त्याच आठवड्यात मिळालं नाही तर फोटो काढून उपयोग काय.

तर आता करायचं काय ते. आईचे तिन्ही स्कॅन, फिल्म नाही, सीडी किंवा पेनड्राइव्ह, एका पिशवीत ठेवा, रिपोर्टसकट, आणि कुठेही गेलात तरी घेऊन जा. युरॉलॉजिस्टला वरचा प्रश्न विचारा, भांडणाच्या सुरात नाही, "सोनोग्राफी आणि केयूबी एक्स-रेवर चालेल का" असं. तो चिडला तर दुसरं मत घ्या. स्कॅन करायचाच ठरला तर चिठ्ठीवर "प्लेन, लो डोस सीटी केयूबी" असं लिहून घ्या, नुसतं सीटी अ‍ॅबडोमेन लिहिलं की सेंटरवाला डायचा करून मोकळा होतो, बिल पण मोठं. डाय द्यायचीच वेळ आली तर आधी क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) बघायला लावा, किडनीच्या पेशंटला हे रेडिएशनपेक्षा जास्त महत्त्वाचं. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही सांगा.

आणि काकांच्या घरातले सगळे, सोबत झोपणारी नातवंडं धरून, प्राथमिक आरोग्य केंद्रात टीबीसाठी तपासून घ्या, फुकट आहे. लहान मुलांनासुद्धा एक्स-रे काढायला सांगितला तर काढा, मघाशी लिहिलेला मुलांचा धोका सीटीचा होता, या एक्स-रेचा डोस म्हणजे आपल्याला तसाही तीनचार दिवसांत मिळतो तेवढा. टेक्निशियन नाही म्हणाले तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याला लेखी द्या, तारीख टाकून, आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही. तोपर्यंत जिल्हा रुग्णालयात नेऊन काढा, एसटीचं भाडं जाईल पण थांबू नका.